वारा, शीड आणि मन : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मागच्या अंकातल्या जलक्रीडांवरच्या लेखात ‘विंडसर्फिंगने डोकं शांत होतं’ असं एक वाक्य जाता जाता येऊन गेलं होतं. त्या एका वाक्यावरच नाशिक परिसरातून बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं विंडसर्फिंग शिकवणाऱ्यांनी आणि समुपदेशकांनी मिळून दिली आहेत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : पाण्यावर एक रुंद बोर्ड असतो. त्याच्या मध्यावर रबरी सांध्याने जोडलेली डोलकाठी असते, ती कुठल्याही बाजूला कलते. तिच्यावर शीड आणि छाती-खांद्याच्या उंचीला धरायचा आडवा दांडा, त्याला बूम म्हणतात. सुकाणू नसतं. शीड मागे कलवलं की बोर्डाचं नाक वाऱ्याकडे वळतं, पुढे कलवलं की वाऱ्यापासून दूर जातं. आपलं शरीर हाच शीड आणि बोर्ड यांच्यातला दुवा.

प्रश्न : मी बँकेत आहे, गंगापूर रोडला राहते. घरी आल्यावरही डोक्यात काम चालूच असतं. ध्यानाला बसले की विचार दुप्पट होतात. पोहायला जाते, पण पोहतानाही मनात कर्जाच्या फायली. विंडसर्फिंगने खरंच फरक पडतो का? पडत असेल तर तो पोहण्याने का पडत नाही?

उत्तर : पडतो, आणि तुमच्या प्रश्नातच त्याचं निम्मं उत्तर आहे. पोहण्याची लय एकदा अंगवळणी पडली की हातपाय आपोआप चालतात आणि डोकं रिकामं राहतं. रिकामं डोकं सवयीच्या काळजीकडे पळणारच. विंडसर्फिंगमध्ये ती फुरसत मिळत नाही. वाऱ्याचा जोर दर काही सेकंदांनी बदलतो. झुळूक वाढली की मागच्या हातावर ओढ येते, कमी झाली की शीड हलकं पडतं आणि आपण पाठीवर पडायला लागतो. त्याच वेळी पायाखालचा बोर्ड डुलत असतो. वाऱ्याच्या बाजूला पाण्यावर काळपट सुरकुत्यांचा पट्टा सरकत येताना दिसला की तो पोचायच्या आत गुडघे वाकवून वजन मागे न्यायचं असतं. नजर, तळपाय, पाठ आणि बोटं एकाच वेळी कामाला लागतात. विचार दाबावे लागत नाहीत, त्यांना जागाच उरत नाही. ध्यानात विचार थोपवताना तुमची जी ओढाताण होते, ती इथे होत नाही.

हंगेरियन वंशाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी अशा तल्लीन अवस्थेचा आयुष्यभर अभ्यास केला आणि तिला ‘फ्लो’ म्हटलं. ती यायला मुख्यतः तीन गोष्टी लागतात : समोर स्पष्ट लक्ष्य, आपण बरोबर करतोय की चूक हे तिथल्या तिथे कळणं, आणि काम आपल्या कौशल्याच्या किंचित वरचं असणं. पहिल्या दोन इथे आयत्या मिळतात. पलीकडचा बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) हे लक्ष्य, आणि चूक झाली की थेट पाण्यात. तिसरी मात्र आपोआप मिळत नाही. ती शिडाचा आकार, बोर्डाची रुंदी आणि त्या दिवशीचा वारा पाहून जुळवून आणावी लागते. वारा जास्त झाला की तल्लीनता जाऊन भीती येते, फारच कमी झाला की कंटाळा. मनाला होणारा फायदा या जुळणीवर अवलंबून आहे. पुढच्या बहुतेक उत्तरांत आम्ही तेच सांगणार आहोत, कारण या खेळाचं नुसतं कौतुक करून कुणाचं भलं होत नाही.

व्यायामाचा भाग वेगळा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम स्वरूपाचा व्यायाम सांगते. शीड पुन्हा पुन्हा उचलण्यात मांड्या, पाठ आणि हात चांगलेच राबतात, त्यामुळे तास-सव्वातासाचं सत्र त्यात नक्की धरा. त्या दिवशी मूड हलका राहतो, रात्री झोप बरी लागते. पण दर आठवड्याला किंवा निदान पंधरवड्याला गेलात तरच हा परिणाम टिकतो. वर्षातून एकदा सहलीत केलेल्या विंडसर्फिंगची फक्त आठवण राहते.

एक छोटी गोष्ट आवर्जून करा. पाण्यातून आल्यावर पहिली वीस मिनिटं फोन गाडीतच राहू द्या. शीड गुंडाळा, बोर्ड धुवा, कोरडे कपडे घाला, काहीतरी खा. ही कामं हाताने सावकाश झाली तर मिळालेली शांतता घरापर्यंत येते. किनाऱ्यावर पाय ठेवल्या ठेवल्या मेसेज पाहिलेत तर ती तिथेच संपते.

प्रश्न : वय ४६, इंदिरानगर. मला काळजी करण्याची सवय आहे. खोल पाणी पाहिलं की छातीत धडधडतं. शाळेत असताना थोडं पोहायला शिकले होते. मुलगी म्हणते, ‘आई, तू हे करच.’ भीती असताना सुरुवात करावी का? आणि शिडाखाली अडकले तर?

उत्तर : सुरुवात करा, पण बोर्डापासून नको. आधी तरणतलावात दोन गोष्टी जमवा : कुठल्याही पद्धतीने ५० मीटर पोहणं, आणि लाइफ जॅकेट घालून पाच मिनिटं पाठीवर निवांत तरंगणं. दुसरी जास्त महत्त्वाची. जॅकेट आपल्याला वर धरतं हे ऐकून पटत नाही, पाठीला जाणवावं लागतं. जॅकेटचे पट्टे इतके आवळलेले हवेत की खांद्यापाशी धरून वर ओढलं तर ते हनुवटीपर्यंत येता कामा नये.

पुढचा टप्पा कमरेएवढ्या पाण्यातला. इथे शीड उचलायचं नाही, फक्त पडायचं. बोर्डावर उभं राहून मुद्दाम पाठीमागे, पसरट पडा. सूर मारू नका, खाली किती पाणी आहे ते दिसत नाही. पडल्यावर पाण्यातून वर येताना एक हात डोक्यावर धरा, म्हणजे डोलकाठी किंवा बूम डोक्याला लागणार नाही. हे सहा-सात वेळा करा.

मग शिडाखाली जाण्याचा सराव, प्रशिक्षक शेजारी उभे असताना. शीड पाण्यावर आडवं पसरतं, ते कुणाला दाबून धरत नाही. खाली गेलात तर तळहात वर करून शीड ढकला. तेवढ्याने हवेची पोकळी तयार होते आणि श्वास घेता येतो. मग दोन्ही हातांनी कापड चाचपत एकाच दिशेने सरका, दोन-तीन सेकंदांत कड लागते. दिशा बदलत राहिलं तर गोंधळ होतो, म्हणून ‘एकच दिशा’ एवढंच घोकून ठेवा. ज्या प्रसंगाची सगळ्यात जास्त धास्ती असते तो गुडघे टेकतील अशा पाण्यात स्वतःहून तीनदा अनुभवला की धास्तीचा जोर बराच उतरतो. घाईघाईत हा सराव वगळला जातो, आणि मग भीती पुढची कित्येक सत्रं पाठ सोडत नाही.

धडधडीबद्दल. मानसशास्त्रज्ञ ॲल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ हा विश्वास कशातून तयार होतो ते मांडलं. त्यात सगळ्यात बळकट स्रोत म्हणजे स्वतः करून जमल्याचा अनुभव. आणखी एक स्रोत म्हणजे आपल्या शरीराच्या खुणांचा आपण काय अर्थ लावतो तो. शीड उचलताना नाडी वाढणारच, ती मेहनतीची आहे. काळजी करणाऱ्या माणसाला तीच खूण धोक्याची वाटते. म्हणून धडधड वाढली की बोर्डावर घोड्यासारखं दोन्ही बाजूंना पाय सोडून बसा, चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. दीड-दोन मिनिटांत नाडी उतरते. पुन्हा उभ्या राहा, पुन्हा वाढते, पुन्हा उतरते. वाढलेली धडधड काही अनर्थ न होता उतरते, हे शरीराला असं वारंवार दिसलं की लिफ्टमध्ये किंवा दवाखान्याच्या रांगेत येणाऱ्या धडधडीलाही तुम्ही कमी घाबरता. आमच्या मते या खेळाचा काळजीखोर मनाला होणारा सगळ्यात मोठा लाभ हाच.

बोर्डावर बसायला कधीही लाजू नका. आणि गेल्या काही महिन्यांत पॅनिक अटॅक येऊन गेला असेल, तर पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि प्रशिक्षकांनाही कल्पना देऊन ठेवा.

प्रश्न : सातपूरला कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. वजन ६८ किलो. राग पटकन येतो, म्हणून खास दोन दिवसांचा कोर्स बाहेरगावी जाऊन केला. दोन्ही दिवस पडण्यातच गेले. शीड ६ चौरस मीटरचं होतं, बोर्ड फारसा रुंद नव्हता, वारा असा की किनाऱ्यावर धूळ आणि कागद उडत होते. सोबतची दोघं-तिघं आरामात जात होती. मी आणखी चिडून परत आलो. हा खेळ माझ्यासाठी नाही असं समजायचं का?

उत्तर : अजिबात नाही. तुम्ही दिलेल्या तपशिलावरून त्या दोन दिवसांत शिकणं जवळपास अशक्य होतं, आणि ते का हे नीट समजून घेणं तुमच्या रागासाठीही गरजेचं आहे.

धूळ आणि कागद उडायला लागले म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफर्ट मापावर वारा चारचा, ११ ते १६ नॉट, अर्थात ताशी साधारण २० ते २८ किलोमीटर. नवशिक्याला हवा दोन किंवा तीनचा : दोनला पानं सळसळतात, तीनला पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात आणि हलका झेंडा पसरतो. म्हणजे ४ ते १० नॉट. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ८ नॉटचा वारा १४ नॉट झाला की तेच शीड तिप्पट ओढतं. ६८ किलोच्या नवशिक्याला हलक्या वाऱ्यात ४ ते ४.५ चौरस मीटरचं शीड पुरतं. तुमच्या हातात जवळपास दीडपट मोठं शीड होतं आणि त्यावर वाऱ्याचा दाब कदाचित तिप्पट होता. बोर्डही २०० लिटरच्या आसपास आकारमानाचा, ८५-९० सेंटिमीटर रुंद आणि मध्ये खाली पाण्यात सोडायचं पातं, म्हणजे डॅगरबोर्ड, असलेला हवा होता. डॅगरबोर्ड वर राहिला तर बोर्ड आडवा वाहत जातो आणि डुलतो, आणि माणूस दोष आपल्या पायांना देतो. सोबतचे लोक आरामात जात होते कारण त्यांनी हे आधी केलेलं असणार.

आता शीड उचलण्याची रीत. बोर्ड वाऱ्याला आडवा, शीड वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला पाण्यात, तुमची पाठ वाऱ्याकडे. पावलं डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना, बोर्डाच्या मधल्या रेषेवर. उचलायची दोरी धरा, गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा आणि मागे रेला. इथे हिसका देऊ नका. शिडावर पाणी साचलेलं असतं, ते निथळायला पाच-सहा सेकंद लागतात. तोवर नुसतं वजन टाकून थांबायचं. पाणी उतरलं की शीड एकदम हलकं होतं, मग हातावर हात घेत दोरी ओढायची. जो हिसका देतो त्याची कंबर दुखते, आणि शीड अचानक सुटल्यावर तो पाठीवर आपटतो.

शीड पाण्याबाहेर आलं की बूमच्या खाली डोलकाठी दोन्ही हातांनी धरा आणि शीड वाऱ्यात नुसतं फडफडू द्या. ही विसाव्याची जागा आहे. इथे दोन श्वास घ्या, जायचंय ते झाड किंवा बोया नजरेत धरा. मग पुढचं पाऊल डोलकाठीच्या मागे, बोटं पुढे. मागचं पाऊल खांद्याच्या रुंदीइतकं मागे. पुढच्या हाताने डोलकाठी शरीरासमोरून वारा येतो त्या बाजूला आणा, ती एका जागी वजनहीन वाटते. तिथे आल्यावरच मागचा हात बूमवर ठेवून शीड हळूहळू आत घ्या. डोलकाठी त्या जागी यायच्या आधी शीड आत ओढलं की वारा तुम्हाला तोंडावर पाडतो. नवशिक्यांची निम्मी पडापड याच एका घाईने होते.

पडायला होतंय असं वाटलं की मागचा हात सोडा. शिडातला वारा निघून जातो, ओढ संपते. हा या खेळातला ब्रेक आहे, आणि रागीट माणसाला तोच सगळ्यात अवघड जातो, कारण ओढ वाढली की त्याची मूठ आणखी आवळते. आवळलेल्या मुठीने कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू दहा मिनिटांत भरून येतात. बोटं आकड्यासारखी ठेवा, अंगठा मोकळा. ओढ वाढली की पकड सैल करायची, ही सवय हाताला लागते. ती घरच्या वादात आपोआप उतरेल असं आम्ही म्हणणार नाही. पण ‘जोर वाढला की आधी सोड, मग बघ’ हे शरीराने अनुभवलेलं असलं की समुपदेशनात त्यावर काम करणं सोपं होतं.

पुढच्या वेळी वीस-वीस मिनिटांचे तीन भाग करा, मध्ये दहा मिनिटं किनाऱ्यावर पाणी आणि केळं. तिसऱ्या भागात सलग दोनदा शीड उचलता आलं नाही की थांबा. तो थकवा असतो, पण मनाला ते अपयश वाटतं. रात्रपाळी करून थेट जाऊ नका, अपुऱ्या झोपेत तोलही जातो आणि संयमही. पहिली पाळी सुटल्यावरची दुपार-संध्याकाळ तुम्हाला सोयीची, उन्हाळ्यात वाराही तेव्हाच धरतो. सत्राच्या आधी आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिडचिडीला शून्य ते दहा असा आकडा देऊन वहीत लिहा, सोबत वारा आणि शिडाचा आकारही. सहा सत्रांनंतर ती वही पाहून ठरवा.

प्रश्न : आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. अवकाळीने यंदा फार नुकसान झालं. आमचे हे महिनाभर गप्प गप्प असतात, पहाटे तीनला उठून बसतात, जेवण कमी झालंय, ‘आता कशात राम नाही’ म्हणतात. भाचा म्हणतो, मामांना पाण्यावरच्या खेळाला नेऊ, मन रमेल. नेऊ का?

उत्तर : ताई, आधी डॉक्टर. दोन आठवड्यांहून जास्त उदासी, पहाटे जाग येणं, भूक जाणं आणि निराशेचं बोलणं ही नैराश्याच्या आजाराची लक्षणं असू शकतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा खासगी मनोविकारतज्ज्ञांकडे याच आठवड्यात न्या. त्याआधी बोलावंसं वाटलं तर ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ‘जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ हे त्यांना सरळ, प्रेमाने विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर काहीही येवो, फवारणीची औषधं आजच कुलपात टाका आणि किल्ली भाच्याकडे द्या. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

उपचार सुरू होऊन झोप आणि जेवण सावरलं की डॉक्टरांना विचारून पाण्यावर न्यायला हरकत नाही. उदासीत ‘इच्छा झाली की जाऊ’ असं ठरवलं तर इच्छा होतच नाही. वार आणि वेळ ठरलेली हवी, सोबत माणूस हवा, आणि पहिल्या दिवसाचं काम अगदी लहान हवं : बोर्डावर पाच मिनिटं बसणं, बस्स. बागेच्या कामातली उसंत बघा, पण पावसाळा सोडून.

गोळ्यांबद्दल तीन गोष्टी डॉक्टरांना नक्की विचारा. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्यांनी तोल आणि हालचाल मंदावते का? उन्हात घाम कमी येऊन त्रास होईल असं औषध चालू आहे का? आणि लिथियम चालू असेल तर पाणी किती प्यायचं? अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, आणि ते धोक्याचं असतं. कुणालाही फिट येत असतील तर पाण्यावर जाण्याचा निर्णय डॉक्टरांशिवाय घेऊच नये.

प्रश्न : मुलगा १२ वर्षांचा, नाशिकरोड. शाळा सुटली की मोबाइल. एका जागी लक्ष लागत नाही, हरला की रडतो. त्याला हे शिकवावं का?

उत्तर : पोहता येत असेल तर जरूर. मुलांसाठी दीड ते तीन चौरस मीटरची हलकी शिडं आणि बारीक बूम मिळतात. मोठ्यांचं शीड मुलाच्या हाती देऊ नका, जाड बूम लहान बोटांत मावत नाही आणि तो दहा मिनिटांत कंटाळतो. उंची पाहून बूम त्याच्या खांद्याच्या रेषेत बांधून घ्या. एका वेळी तीस-चाळीस मिनिटं पुरे, ओठ निळसर दिसले किंवा थरथर सुरू झाली की लगेच बाहेर.

हरल्यावर रडणाऱ्या मुलाला इथे एक सोय आहे : समोर प्रतिस्पर्धी नसतो आणि पडणं सगळ्यांचंच चालू असतं. तुम्ही किनाऱ्यावरून ‘किती लांब गेलास?’ असं विचारू नका. ‘या वेळी शीड उचलताना काय वेगळं केलंस?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाने तो स्वतःची इतरांशी तुलना करतो, दुसऱ्याने आपल्या कृतीकडे बघतो. लक्ष लागण्याचा प्रश्न शाळेतही ठळक असेल तर बालमानसतज्ज्ञांचा सल्ला वेगळा घ्या.

नाशिकच्या मुलांना पाण्यातले खेळ परके नाहीत. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये उतरले. विंडसर्फिंगही १९८४ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे, आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये एबाद अली यांनी त्यात भारताला कांस्य मिळवून दिलं. हे त्याला सांगा, पण पदकाचं ओझं मात्र देऊ नका.

प्रश्न : हे सगळं ठीक, पण नाशिकमध्ये कुठे आणि कधी? (सिडको, देवळाली कॅम्प आणि निफाडहून हाच प्रश्न आला आहे.)

उत्तर : पहिले चार-पाच दिवस गोव्यात किंवा मुंबईत, जिथे प्रशिक्षक आणि बचाव बोट दोन्ही आहेत तिथे शिकून घ्या. त्यानंतर घराजवळच्या पाण्याचा विचार करा. गंगापूर, मुकणे, वैतरणा, दारणा ही सगळी धरणं जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येतात. परवानगी न घेता बोर्ड उतरवू नका. गंगापूर धरणावर पर्यटन महामंडळाचा बोट क्लब आहे, तिथे सध्या काय चालू आहे आणि स्वतःचा बोर्ड आणता येतो का ते आधी विचारा. गंगापूरचं पाणी शहर पितं, त्यामुळे तिथले नियम कडक असणं रास्तच आहे. नांदूर मध्यमेश्वरचा विचारही करू नका, ते पक्ष्यांचं अभयारण्य आणि रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

हिवाळ्यात सकाळी वारा जवळपास पडलेला असतो आणि गारठा कडक. ओल्या अंगाला वारा लागला की बोटं बधिर होतात आणि बधिर बोटांनी मनही वैतागतं. तेव्हा दोन-तीन मिलिमीटर जाडीचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) आणि दुपारची वेळ हवी. फेब्रुवारी ते एप्रिल दुपारनंतर पश्चिमेकडून वारा धरतो, नवशिक्याला हा काळ चांगला. पण पाणी उतरलेलं असल्याने काठाला गाळ, बुडालेली झाडांची खोडं आणि मासेमारीची जाळी वर येतात. जाळ्यात बोर्डाखालची फिन (मागचं उभं पातं) अडकली की बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि माणूस पुढे फेकला जातो. स्थानिक मच्छीमारांना जाळी कुठे आहेत ते विचारूनच उतरा. पायात पातळ तळाचे बूट हवेतच. पावसाळ्यात वारा जोरकस, शिवाय सह्याद्रीचे डोंगर ओलांडून येत असल्याने झटक्याझटक्याने येणारा, आणि धरणातून विसर्ग चालू. नवशिक्यांनी जून ते सप्टेंबर पाण्याकडे पाठ फिरवावी. मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज बघताना सरासरीसोबत झोताचा, म्हणजे मधूनच येणाऱ्या जोरदार झटक्याचा, आकडाही पाहा. झोत सरासरीच्या दीडपटीहून जास्त असेल तर त्या दिवशी आम्ही नवीन माणसाला उतरवत नाही.

वारा काठाकडून पाण्याच्या मध्याकडे वाहत असेल तर फसगत होते. काठाजवळ पाणी शांत दिसतं, शंभर मीटरवर जोर वाढतो आणि परत येता येत नाही. अशा वेळी शीड बोर्डाच्या मागच्या भागावर आडवं टाका, पोटावर झोपा, हातांनी वल्हवत या. बोर्ड सोडून पोहत निघू नका, बोर्ड तरंगतो आणि लांबून दिसतो. मदत हवी असेल तर दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करत राहा. ही खूण काठावर थांबणाऱ्या माणसालाही आधीच सांगून ठेवा, आणि काठावर माणूस असल्याशिवाय उतरू नका.

एप्रिल-मेमधला वळीव या सगळ्यांत वाईट. आभाळ पश्चिमेला काळवंडलं, वारा एकदम पडला की लगेच काठ गाठा. गडगडाट ऐकू आला तर वाट पाहू नका. डोलकाठी उंच असते आणि बहुतेक वेळा तिच्यात कार्बन असतो, विजेला ती सोयीची. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर पूर्ण तीस मिनिटं गेल्याशिवाय पुन्हा पाण्यात उतरायचं नाही, ऊन पडलं तरीही.